मोजे फक्त पाहुण्यांसाठी

हिरामावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची नाही. तिची नजर पायांपासून सुरू व्हायची. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वेलनेस रिसॉर्ट आहे. तिथल्या पिलाटेस या व्यायामाच्या वर्गाच्या दाराशी ती स्टुलावर बसायची, मांडीवर मोज्यांची टोपली घेऊन. मुंबईची पाहुणी आत शिरली की पाय, पोटऱ्या, कंबर असं वर चढत ती शेवटी चेहऱ्यावर पोचायची, आणि तोवर निकाल लागलेला असायचा. "मॅडम, ही पँट नाय चालायची. मागं चेन हाय. गादी फाडंल."

कागदोपत्री ती सफाई कामगार. सापगावची, पन्नाशी ओलांडलेली. मी तिथेच स्वागतकक्षात नोकरीला होते.

पिलाटेसचं रिफॉर्मर हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती खाट वाटली. लाकडी चौकट, तिच्यात रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी, खाली स्प्रिंगा, वर हातपाय अडकवायचे पट्टे. हिरामावशीला मात्र पहिल्याच दिवशी त्यात मळणीयंत्र दिसलं. भाताच्या मळणीत तिच्या जावेचा पदर यंत्रात गेला होता आणि पदरामागोमाग हात. तेव्हापासून सरकत्या-फिरत्या कुठल्याही वस्तूजवळ सैल कापड दिसलं की ती भडकायची. म्हणायची, "सैल कापड मशीनला हाक मारतं, गो."

त्यामुळे तिचे नियम पक्के होते. पँट घोट्यापर्यंत आणि अंगाला बसणारी हवी, कारण आडवं पडून पाय वर केले की ढगळ पँट मांडीपर्यंत घसरते आणि बाई व्यायाम सोडून पँट सावरत बसते. पाय वर केल्यावर गळ्याशी घसरेल असा टी-शर्ट नको. बांगड्या, पैंजण, ओढणी दारातच काढायची. टोपलीतला प्रत्येक मोजा ती उलटा करायची आणि पाय घसरू नये म्हणून तळव्याला लावलेले रबरी ठिपके अंगठ्याने घासून बघायची. "टाचंखाली ठिपकं नायत तो मोजा नाय, ती पिशवी." एका पाहुणीने ऐसपैस म्हणून मोठ्या मापाचे मोजे मागितले, तर मावशी म्हणाली, "अवो, मोजा पायातल्या पायात फिरला की ठिपकं वर येतील. मग काय छताला चिकटाल?" पाहुणी हसत सुटली आणि आपल्या मापाचे घेऊन आत गेली.

तिचं हे सगळं सांगणं मी लिहून काढलं. रिसॉर्टने त्याचं छान गुळगुळीत पत्रक छापलं आणि खाली नाव घातलं मुंबईहून येणाऱ्या प्रशिक्षिकेचं. मी चिडले. मावशी नाही चिडली. "माजं नाव लावून काय करायचंय? पाय वाचलं ना लोकांचं?"

पण तिचीही एक चूक झाली. वर्ग सुरू झाल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला तिने सगळ्या रिफॉर्मरना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. त्याच आठवड्यात प्रशिक्षिकेने सफाईच्या बायकांसाठीही मोजे आणले होते. ते मावशीनेच परत केले. आमच्याकडे भाताच्या खळ्यात पायात काही घालून कुणी जात नाही. तीच रीत तिने इथे लावली. "पुजलेल्या मशीनजवळ उघड्या पायानं जायचं." बायकांनी ऐकलं. मॅनेजरने मोजे पाहुण्यांच्या टोपलीत टाकून दिले. फुकटात मिळणारी भक्ती कोण नाकारतो?

यंत्रांमागच्या भिंतीला वरपर्यंत आरसा होता. तो पुसायला बायका रिफॉर्मरच्या टोकाच्या अरुंद फळीवर चढत. या पावसाळ्यात एका सकाळी प्रमिला अशीच चढली. सफाई करणाऱ्यांतली ही एक, दोन लेकरांची आई. फळीवर जंतुनाशकाचा फवारा मारलेला होता, पाय ओले होते. ती घसरली आणि मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला.

तिला दवाखान्यात पाठवून मॅनेजरने मला आणि हिरामावशीला केबिनमध्ये बोलावलं. मला म्हणाला, "लिही. प्रमिला घरी पाणी भरताना पडली." रिसॉर्टमध्ये पडली म्हटलं तर उपचारांचा खर्च रिसॉर्टला करावा लागला असता. मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, एकही चूक न करता. मग त्याने तो कागद साक्षीदार म्हणून सही करायला मावशीपुढे सरकवला.

"मी नाय करायची."

"मावशी, विचार करा. मोजे नकोत असं तुम्हीच म्हणाला होतात."

मावशीने कागद परत त्याच्याकडे सरकवला.

"म्हनले. चुकलंच माजं. खळ्यात कोन दवा फवारत नाय, हे माज्या ध्यानात आलं नाय. पन तुमी तर शिकलेलं ना? एका तरी मॅडमला नुसत्या पायानं त्या फळीवर चढू दिलंत का तुमी?"

"पाहुण्यांची गोष्ट वेगळी."

"काय येगळी? त्यांची हाडं काय चांदीची हायत?"

मग ती माझ्याकडे वळली. "दुसरा कागद घे, गो. मी सांगते तसं लिव. पयली माजी चूक लिव, मंग सायबाची."

तिने सांगितलं, मी लिहिलं. मोजे कुणी परत केले, फवारा कधी मारला, प्रमिला कुठून पडली, सगळं. खाली तिने सावकाश सही केली. मॅनेजर मला म्हणाला, "फाड तो." मी तो घेऊन सरळ दवाखान्यात गेले आणि प्रमिलाच्या नवऱ्याच्या हातात दिला.

नवऱ्याने तो कागद दाखवल्यावर प्रमिलाच्या उपचारांचा खर्च रिसॉर्टला करावा लागला. महिना संपला तेव्हा हिरामावशीला कामावरून काढलं. कारण काय, तर तिने स्वतःच लेखी कबूल केलेला निष्काळजीपणा. मॅनेजर मोकळा. आरसा तोच, फळी तीच. आता मात्र सफाईच्या बायकांच्या पायात ठिपक्यांचे मोजे आहेत, आणि भिंतीवर पाटी आहे: 'कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हीच आमची बांधिलकी.'

मावशीच्या शेवटच्या दिवशी मी तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मावशी, मी तो कागद फाडला नाही." खरं तर मला शाबासकी हवी होती.

"नाय फाडलास, ते ब्येस केलंस," ती म्हणाली. "पन त्याच्या आदीचा बी तूच लिवलास. माज्या म्होरं. एकदा बी तुजा हात थांबला नाय, गो."

एसटी आली. तिने पिशवी काखेत मारली, दांडी धरली आणि ती आत चढली.