माझ्याच डिपॉझिटसाठी जोडलेले हात

"पाड्यावरची माणसं ठेवली की खोलीचा पाडा होतो," घरमालक म्हणाला आणि त्याने गल्ल्यावर तीन हजार रुपये ठेवले. डिपॉझिट बारा हजारांचं होतं.

त्याच्या किराणा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली.

जव्हारमधली त्याची मागची खोली मी मुलीच्या कॉलेजसाठी घेतली होती. तीन वर्षं. भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. सोडण्याआधी महिनाभर सांगितलं. विजेचं शेवटचं बिल भरलं. शेवटच्या दोन सुट्ट्यांत बायकोने आणि मी भिंतींना रंगही दिला. रंगाच्या डब्यांची पावती माझ्या खिशात होती.

"रंगाचे सहा हजार. पंखा, नळ, मोडतोड मिळून तीन," तो म्हणाला.

मी पायरीखाली उभा. पावती काढली नाही. त्या खोलीला पंखा नव्हताच. आमचा पंखा बाहेर टेम्पोत, भांड्यांच्या वर ठेवलेला होता. तेही बोललो नाही. नोटा उचलल्या. हात जोडले. म्हणालो, "उपकार झाले, शेठ."

हे लिहिताना अजून कान तापतात. माझेच पैसे. तेही कापून. आणि उपकार झाले.

मी आश्रमशाळेच्या कोठीवर काम करतो. पोत्यावर पन्नास किलो छापलेलं असलं तरी तोलून घेतो. पाव किलो कमी भरलं तरी चलनावर लिहितो. पुरवठ्याचा माणूस चिडतो. मी ऐकत नाही, मुलांच्या पोटाचा तांदूळ आहे. असा मी. नऊ हजार गेले आणि तोंड उघडलं नाही.

टेम्पो मोखाड्याच्या रस्त्याला लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पैसं आपलंच होतं ना? मंग तू हात कशाला जोडलंस?"

"गप बस," बायको तिला म्हणाली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

उत्तर मला माहीत होतं. माझा बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा. आधी शेठकडून उचल घ्यायचा, मग पावसाळ्यापर्यंत विटा थापून ती फेडायचा. शेवटी हिशेब. बाप पायरीखाली उभा, मी त्याच्या मागे. शेठ म्हणेल तेवढंच उरायचं. बाप हात जोडायचा. आमच्या पाड्याला आगाऊ पैसा एकच माहीत, शेठने आपल्याला दिलेला. डिपॉझिट म्हणजे आपला पैसा शेठकडे, देणेकरी तो, हे मला आकड्यांत कळत होतं. अंगात उतरलं नव्हतं. पायरी दिसली आणि मी माझा बाप झालो. आणि मी जिथे उभा राहायचो तिथे माझी मुलगी उभी होती.

पुढच्या शनिवारी गेलो. मुलीला घेऊन. पायरी चढलो. गल्ल्याजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. भाडेकराराची झेरॉक्स आणि रंगाची पावती समोर ठेवली.

"तीन हजार पोचले. नऊ बाकी. कापले ते कशाचे, बिलासकट लिहून द्या."

"आता तू मला कायदा शिकवणार?"

"नाही. त्या दिवशी मी उपकार झाले म्हणालो होतो. तो शब्द परत घ्यायला आलोय."

या वेळी दुकानात कोणी हसलं नाही. "पुढच्या आठवड्यात बघू," तो म्हणाला.

त्यानंतर तीनदा जाऊन आलो. पैसे मिळालेले नाहीत. जाण्यायेण्याचं भाडं माझंच जातंय, तेही लिहून ठेवतो. वकिलाच्या नोटिशीला किती लागतात ते विचारून ठेवलंय. शरम गेलेली नाही. नऊ हजार मिळाले तरी ती जाणार नाही.

शनिवारी पुन्हा जाणार. खुर्ची आत नेऊन ठेवली असेल तर उभा राहीन. पायरीच्या वर. हात खाली ठेवून.