चवथीआधी भरलेले हप्ते

“चेडू शिकलेलां, पण तोंड उघडिना मगे,” मागच्या बाकावरची बाई माझ्याबद्दल हळूच म्हणाली.

तिच्या शेजारणीने तितक्याच हळू उत्तर दिलं, “इंग्लिशीत शिकलां न्हय, इंग्लिशीतच उघडतलां.”

दोघी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. बँकेत वेळ जात नसताना माणसं हसतात, तसंच ते होतं. शिवाय त्यांनी पाहिलेलं खरं होतं. पाच मिनिटांपूर्वी कर्ज विभागाच्या टेबलावरून मला विचारलं गेलं होतं, “काय काम?” आणि उत्तर माझ्या बाबांनी दिलं होतं. माझ्या हातात फाईल होती आणि आतल्या प्रत्येक कागदावर माझं नाव होतं, तरीही.

पेडण्याच्या त्या शाखेतली माझी ती चौथी फेरी होती. बाबा पहिल्यांदाच बरोबर आले होते, कारण या वेळी दोघांच्या सह्या लागतील असा फोन आला होता. कर्ज माझ्या शिक्षणाचं, पण सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव. ते तुयेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, म्हणून अंगात कारखान्याचा निळा शर्ट होता. मी पणजीला एका ऑफिसात काम करते. माझीही रजाच. मिळालेल्या रजा कुठे गेल्या असं कोणी विचारलं असतं तर त्या वर्षी माझ्याकडे एकच उत्तर होतं.

फोंड्याला चार वर्षं शिकले, त्यासाठी हे कर्ज काढलं होतं. शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू झाले आणि ते बाबांनीच भरायचे असं त्यांनी ठरवून टाकलं. पहिल्या पगाराच्या वेळी मी विषय काढला तर म्हणाले, “तुझा पगार तुझा. कर्ज मी काढलंय.” पुढे त्यावर बोलणं झालं नाही. आमच्या घरात भाताला मीठ कमी झालं तर चर्चा होते, पैशांवर होत नाही.

तीन वर्षांनी माझ्याजवळ थोडे साठले. उरलेलं कर्ज एकदम फेडून बाबांना मोकळं करावं असं वाटलं आणि मी बँकेकडे एकूण किती भरायचे ते विचारलं. आलेला आकडा माझ्या हिशेबापेक्षा चौदा हजारांनी जास्त होता. स्टेटमेंट मागवलं. त्यात पानामागून पान एकच ओळ येत होती: हप्ता उशिरा भरल्याबद्दल शुल्क.

ती ओळ पाहून मला धक्का बसला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मला ते माहीत होतं.

बँकेत नंबर माझा दिलेला होता, त्यामुळे मेसेज मला यायचे. तुमचा हप्ता थकला आहे, लगेच भरा. पहिला मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये उभी होते, म्हापशाच्या अलीकडे. वाचला आणि माझ्या मनात एकच आलं: बाबांकडे पैसे नाहीत. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाल्याचं आई बोलली होती. घरी गेले तर बाबा नेहमीसारखे अंगणात पाइपने मिरच्यांना पाणी घालत होते. त्यांना विचारायचं तर त्यांनी ‘जमलं नाही’ असं म्हणावं लागलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मी मेसेज पुसला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तोही पुसला. नंतर नंतर तर वाचायच्या आधीच पुसायची. याला मी मनातल्या मनात समजूतदारपणा म्हणत होते.

स्टेटमेंट हातात आल्यावर मात्र विचारणं भाग पडलं. रविवार होता. आई बांगडे साफ करत होती आणि बाबा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “बँकवाले म्हणतात, काही हप्ते उशिरा गेले.”

बाबांनी पेपर खाली केला. “कोण म्हणतं?”

“स्टेटमेंटमध्ये आहे.”

“उशिरा?” ते म्हणाले. रागावले नव्हते. कोणी त्यांना परक्या माणसाच्या नावाने हाक मारावी तसा चेहरा झाला होता. ते आत गेले आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. घरपट्टी, लाईट बिलं, आणि रबर लावलेला एक गठ्ठा. प्रत्येक हप्त्याच्या स्लिपचा शिक्का मारलेला तुकडा. त्यांनी तो पत्त्यांसारखा ओट्यावर मांडला आणि मला तीन तुकडे वेगळे काढून दिले. एकेका वर्षाचा एक. तिन्हींवर रक्कम तिप्पट होती. वर बाबांच्या वळणदार मराठीत तीन-तीन महिन्यांची नावं लिहिलेली.

“हे काय?”

“चवथीआधीचे,” ते म्हणाले. “बोनस मिळतो तेव्हा तीन महिन्यांचे एकदम भरून टाकतो. चवथीक कोणाचां देणां दवरूंचां न्हय.”

हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही. दरवर्षी गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायच्या आधी बाबा एक फेरी करतात. किराणा दुकान, नारळ पाडणारा, सकाळी सायकलवरून पाव देणारा पदेर, सगळ्यांचं मिटवून येतात. गणपती घरात यायच्या वेळी कोणाचं देणं डोक्यावर नको. त्या फेरीत शेवटचं ठिकाण बँक असेल हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. त्यांच्या दृष्टीने बँक आणि पदेर यांत फरक नव्हता. चवथीनंतर हात आखडतो, म्हणून पदेरालाही ते पुढच्या महिन्याचे आधीच देऊन ठेवतात. पदेर ते लक्षात ठेवतो.

“कॅशियर काही बोलला नाही?”

“चालेल म्हणाला. शिक्का मारला.” मग तुकडे सारखे करत, “तो आता बदलून गेला.”

आई आतून म्हणाली, “किती मागतात?”

मी आकडा सांगितला.

“भरून टाक गे. बँकेशी कोण भांडत बसणार?”

 बाबांनी तुकडे गोळा करून रबर लावलं. मेसेज मला येत होते, हे मी त्या दिवशीही सांगितलं नाही.

पहिल्या फेरीला साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्या फेरीला कर्जाच्या टेबलावर डिचोलीची एक मुलगी नव्याने आली होती, माझ्याच वयाची. तिने तिन्ही तुकडे बघितले, कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं काय झालं ते. बाबांनी भरलेल्या तीन हप्त्यांतला एकच हप्ता म्हणून धरला गेला होता. बाकीचे पैसे मुद्दलात वळते झाले. म्हणजे कर्ज तेवढं कमी झालं, पण पुढचे दोन महिने मशीनच्या लेखी हप्ता आलाच नाही. मग शुल्क लागलं. नंतर आलेल्या हप्त्यातून मशीनने आधी ते शुल्क कापलं, म्हणून तो हप्ता थोडा कमी पडला. कमी पडला म्हणून पुन्हा शुल्क. असं पुढच्या चवथीपर्यंत.

“म्हणजे आधी भरले म्हणून उशीर झाला?” मी विचारलं. हे मी मोठ्याने विचारलं असं मला वाटलं होतं, पण ती “हं?” म्हणाली, तेव्हा कळलं की आवाज बाहेर आलाच नव्हता. मी मान हलवली. काही नाही.

“तुम्ही ईमेल करा,” ती म्हणाली.

ईमेल मला जमतो. लिहिताना माझा आवाज अडत नाही. मी परिच्छेद पाडून, तुकड्यांचे फोटो जोडून व्यवस्थित पत्र लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं की शुल्क प्रणालीने आपोआप आकारलेलं असून ते योग्य आहे. मी मुख्य कार्यालयाला लिहिलं. तिथून तेच उत्तर आलं, फक्त वर एक तक्रार क्रमांक होता. मी त्या क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं. मला नवीन क्रमांक मिळाला. ऑफिसातल्या एका बाईंनी माझी फाईल पाहून म्हटलं, “चौदा हजारांसाठी तू चौदा वर्षांनी म्हातारी होशील.” तिसऱ्या फेरीला मी फक्त पोच घेऊन परत आले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि पर्वरीपर्यंत डोळे मिटून होते. झोप आली नव्हती. उघडे ठेवायचा कंटाळा आला होता.

मग तो फोन. शुल्क माफ होण्याची शक्यता आहे, दोघांनी सहीला या.

बाकावर बसून तासभर झाल्यावर मॅनेजरांनी आम्हाला आत बोलावलं. नवे होते, घाटावरचे. बाबांना त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. डिचोलीची मुलगी माझी फाईल घेऊन उभी राहिली.

“काका, तुमचं काम करून टाकलं,” मॅनेजर म्हणाले. “सगळं माफ. माझ्या अधिकारात बसत नव्हतं, वरून मंजुरी घेतली.”

“उपकार झाले,” बाबा म्हणाले.

“उपकार कसले. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बँक चालते. फक्त एक विनंतीअर्ज लागेल, तो आम्हीच टाइप केलाय. तुमची सही आणि मॅडमची.”

मुलीने कागद बाबांसमोर ठेवला. ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. बाबांनी खिशातलं पेन काढलं. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कागद लांब धरला. इंग्रजी त्यांना मालाच्या नावांपुरतं येतं.

“काय लिहिलंय गे?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“काही नाही काका, फॉरमॅट असतो तो,” मॅनेजर म्हणाले. “सगळ्यांना तोच.”

तीन वाक्यं होती. आर्थिक अडचणीमुळे आम्हाला हप्ते वेळेवर भरता आले नाहीत. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. हे शुल्क सहानुभूतीने माफ करावं. खाली बाबांचं नाव, सहीसाठी रेघ.

मी ती वाक्यं दोनदा वाचली. चुकीची आहेत हे मला दिसत होतं, पण ती अनोळखी नव्हती. तीन वर्षं बसमध्ये उभं राहून मी बाबांबद्दल हेच मानलं होतं, कोणी टाइप करून न देता.

‘काही नाही, नेहमीचं आहे’ असं म्हणणं अगदी सोपं होतं. बाबांनी विश्वासाने सही केली असती. आम्ही बाहेर पडून समोरच्या हॉटेलात चहा-भजी घेतली असती, ते अर्ध्या दिवसाच्या ड्युटीला पोचले असते आणि माझे चौदा हजार वाचले असते. मी खूप दमले होते. दमलेल्या माणसाला खोटंही हलकं वाटतं. बाबांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं आणि ते वाट बघत होते, शांतपणे, मी शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा वाचून दाखवायचे तेव्हा बघायचे तशी.

“वाच ना.”

मी घसा साफ केला.

“बाबा, यात लिहिलंय की तुझ्याकडे पैसे नव्हते म्हणून तुला उशीर झाला,” मी म्हटलं. “मलापण तसंच वाटत होतं. मेसेज मला यायचे, मी तुला कधी विचारलं नाही. सही करू नको.”

 बाबांनी पेनवर टोपण चढवलं, सावकाश, आणि पेन खिशात ठेवलं.

मॅनेजरांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, शब्दांवर जाऊ नका. ही कागदपत्रांची भाषा आहे. हा अर्ज नसेल तर माफी नाही. मग चार्जेस तसेच राहतील.”

“राहू देत,” मी म्हणाले. या वेळी माझा आवाज बाहेर येत होता. “मी भरेन, आणि वर तक्रारही करेन. पण बाबाला उशीर झाला होता असं आम्ही लिहून देणार नाही.”