तिने डोळे मिटून घेतले

माझ्या थोरल्या जावेला, ताईला, नवव्या वर्षी मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. बोलणं राहिलं, थोडं चिरकं, एकाच पट्टीतलं. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचायची. कोपऱ्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं असली कामं. गिऱ्हाईक मान वळवून बोललं की ती टेबलावर फुटपट्टी आपटायची, "तोंड इकडे! पाठीशी काय बोलू मी?" रस्त्यापलीकडच्या बाकावर कोण कोणाबद्दल काय बोलतंय तेही तिला कळायचं, त्यामुळे गल्लीत तिच्यासमोर चहाड्या करायची कोणाची छाती नव्हती.

मोठे दीर शाळेची बस चालवायचे. लग्न ठरलं तशी त्यांनी झुबकेदार मिशी उतरवली, ती कायमची. "ओठांवरचा माझा एकही शब्द तिच्याकडून सुटायला नको," म्हणायचे, "नाहीतर म्हणेल, तुम्ही सांगितलंच नाही!"

तो रोग आधी नुसता बातम्यांत होता, लांबच्या कुठल्यातरी शहरात. मग शाळा बंद झाल्या, दीर घरी बसले. महिनाभरात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि ताई दुसऱ्यांदा बहिरी झाली. त्यात मास्क शिवायचं कामही तिच्याकडेच आलं. दिवसाला ऐंशी-नव्वद. इलॅस्टिक ओवता ओवता एकदा मला म्हणाली, "बघ की गं, माझ्याच हातांनी सगळ्यांची तोंडं शिवतेय."

गिऱ्हाइकं मास्कच्या आडून ओरडायची, तिच्या पदरी काहीच पडायचं नाही. तिने वही-पेन्सिल ठेवली, तर पेन्सिलीला हात लावायला माणसं घाबरायची. एका बाईने कपड्यांची पिशवी उचलली आणि तणतणत निघून गेली. शेवटी दीरच दुकानात बसायला लागले. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, आतल्या पडद्यामागे जायचं, मास्क खाली करायचा आणि बायकोला सांगायचं. दिवसातून तीस-तीस वेळा. मी म्हटलं, "भावजी, जरा जपून." ते हसले. "बसमध्ये पन्नास पोरं सांभाळली, ही एकच आहे."

त्यांना ताप भरला. चौथ्या दिवशी दम लागायला लागला. नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली तीन माणसं त्यांना न्यायला आली. ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. "कोण बोलतंय गं? काय म्हणतायत?" बरोबर कोणालाच जाऊ देणार नव्हते. मी हातांनी खुणा केल्या. तिला समजलं, पण ती गाडीचं दार धरून उभी राहिली. मी तिचा हात सोडवला.

सहाव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने फोनवर त्यांना दाखवलं. फोन मी धरला होता. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, गाल बसलेले. ताईला बघताच त्यांनी मास्क बाजूला ओढला आणि ओठ हलवले. तिला काही वाचता येण्याआधीच सिस्टर घाईने म्हणाली, "काका, काढू नका!" आणि तो परत बसवला. त्यांनी पुन्हा ओढला.

"अहो, लावा ते," ताई म्हणाली. "आधी श्वास घ्या. बोलणं नंतर."

ते ऐकेनात. तिसऱ्यांदा त्यांचा हात मास्ककडे गेला, तेव्हा ताईने डोळे घट्ट मिटून घेतले. ती बघतच नाही म्हटल्यावर ते कोणासाठी बोलणार? तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने ते उघडले नाहीत. मी तिच्या खांद्यावर थोपटलं तेव्हा फोन बंद झाला होता.

दोन दिवसांनी सकाळी दवाखान्यातून मलाच फोन आला. ती दुकानात टीप मारत बसली होती. मी दारात उभी राहिले आणि मास्क खाली केला. मी काही बोलण्याआधीच तिने मशीन थांबवलं.

आता मास्क गेले. दुकान चालू आहे. मध्येच एखाद्या दुपारी ती हातातलं काम बाजूला ठेवून मला विचारते, "तुला तर कान आहेत. काय म्हणत होते गं ते?"

त्या दिवशी त्यांचे ओठ हलत होते तेव्हा मला फोनमधून फक्त ऑक्सिजनचा सूं सूं आवाज ऐकू आला होता. तिच्या समाधानासाठी काहीतरी सांगावं असं खूपदा वाटतं. पण मी तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणते, "नाही कळलं, ताई."

ती मान हलवते आणि सुईत दोरा ओवायला लागते.