जावयाचा स्क्रू

आमच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात: सुटे स्क्रू आणि किस्से. स्क्रूंसाठी गजूभाऊंनी बामच्या रिकाम्या डब्या ठेवल्या आहेत. किश्श्यांची काही सोय नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

सात वर्षं बंगळुरूला शिकून मी अमरावतीला परत आले, तेव्हा माझ्या डोक्यात एक चित्र होतं. बडनेरा रोडवर छोटंसं दुकान, वर पाटी: ‘गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जुळवा’. आत लांब टेबल, भोवती मुलं-मुली, प्रत्येकाच्या हातात स्क्रू फिरवायला पेचकस. तयार मशीन घेणारा फक्त मालक होतो, जुळवणारा ते ओळखतो! हे वाक्य मी परतीच्या प्रवासात वहीत लिहून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी अकरा जण आले. अकराही जणांनी विचारलं, “आधारची झेरॉक्स होते का?”

गजूभाऊ माझे सहकारी. वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, आता माझ्यासोबत आहेत. संध्याकाळी ते म्हणाले, “ताई, पाटी चांगली हाये. फक्त खाली ‘झेरॉक्स नाही’ लिहा. लोकायचा वेळ वाचन.”

लिहिलं.

*

शेंदूरजनाघाटचे एक संत्रा बागायतदार मुलाला घेऊन आले. मुलाला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. मी तासभर समजावलं. तयार मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड भारी दाखवतात आणि आतला पॉवर सप्लाय हलका टाकतात, सुटे पार्ट घेतले की प्रत्येक वस्तू आपण निवडतो, वगैरे. ते मन लावून ऐकत होते. मला भरून आलं.

मग म्हणाले, “ताई, तुमी सांगून राहिल्या ते समदं बराबर. पन बिघडला तं मी बोलू कोनाले?”

“स्वतः जुळवलेला असेल, तर चूक आपलीच ना!”

“तेच तं. कंपनीचा असला का मानूस फोन करून दोन शिव्या देते, मन मोकळं होते. सोताले कशा देऊ?”

त्यांनी नागपूरहून कंपनीचा आणला. तो अजून बिघडलेला नाही. बिचारे वाट पाहतात.

*

सुटे पार्ट आम्हाला अकोल्याचे एक शेठजी पुरवतात. त्यांनी एके दिवशी फोनवर सरळ सांगितलं, “मॅडम, अमरावतीत सुटा माल कोणी उचलत नाही. सीलबंद तयार मशीन ठेवत असाल, तर एजन्सी तुमची. नाही तर दुसऱ्याला देतो, मग सुटे पार्टही तिकडूनच घ्या. सोमवारी सकाळी सांगा.”

मी ‘नाही’ म्हणायचं ठरवलं. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यानंतर दुकान कसं चालेल, याचा विचार गजूभाऊ करत होते.

*

तोवर आमचं एकच मोठं यश होतं: मोर्शीचं कुटुंब. थोरल्या मुलाचा कॉम्प्युटर जुळवायला जीपमधून नऊ जण आले. नारळ, हळदकुंकू, पेढे, सगळं सोबत. घरात नवी वस्तू आली की सगळ्यांचा हात लागला पाहिजे, अशी त्यांच्याकडे रीत. म्हणून प्रत्येकाने एक स्क्रू लावायचा, असं ठरलं. आत्याबाईंनी चष्मा विसरल्यामुळे अंदाजाने लावला, तोही बसला!

आठ जणांचं झालं आणि लक्षात आलं, जावई राहिले. लावायला एकही स्क्रू शिल्लक नव्हता.

जावई जीपमध्ये जाऊन बसले. पेढाही घेईनात.

सासऱ्यांनी माझे हात धरले. “पोरी, काईतरी कर. लग्नात घोडी उशिरा आली होती, ते आजून काढून राहिले.”

गजूभाऊंनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे एक रिकामं भोक शोधलं. जावयांना मानाने आत आणलं, स्क्रू ताटलीत ठेवून दिला. त्यांनी तो लावला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो स्क्रू आतलं काहीच धरत नाही. मी तसं नंतर गजूभाऊंना म्हटलं, तर ते म्हणाले, “जावयाचा हाये ना? मंग बराबर हाये.”

*

अकोल्याच्या एका काकूंचा फोन: मुलाचा कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडतो. तो आमच्याकडेच जुळवलेला, म्हणून मी ऐन मे महिन्यात तातडीने गेले. पाहते तर काय! कॅबिनेटला गळ्यापासून पायापर्यंत जाड सुती खोळ. खाली झालर.

“काकू, ही काढा. त्याला श्वास घेता येत नाही.”

काकूंनी पदराने घाम पुसला. “आमाले तरी कुठं येते, माय?”

*

शेठजींना उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, एसटीचे चालक वानखडेकाका आले. सोबत मुलगी प्रगती, अकरावीतली. “जय भीम, ताई,” म्हणत त्यांनी टेबलावर मोठं खोकं ठेवलं. नवं कोरं, सीलबंद, कंपनीचं.

“खोला हे.”

“बिघडलाय का?”

“चालूच नाही केला.”

“काका, सील तोडलं तर वॉरंटी जाईल.”

“जाऊ द्या. बैल घेतो तं दात पाह्यल्याबिगर घेतो का?”

“मग सुटे पार्टच घ्यायचे ना माझ्याकडून!”

“ते एकमेकांत बसतीन का नाही, मले काय माईत? कंपनीनं एकदा जुळवला, म्हनजे बसतात हे पक्कं झालं. आता ह्यो पुरा खोला. पुन्हा जुळवन ते माही पोरगी.”

मी सील तोडलं आणि पेचकस प्रगतीच्या हातात दिला. असं काही वहीत नव्हतं.

प्रगतीने वर्तमानपत्रावर एकेक पार्ट काढून ठेवला, पेनाने नंबर टाकले. दोन तासांत सगळं परत जागेवर. एकदा केबल उलटी लावत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, “थांबा, मी पाह्यते.” आणि पाहिलं.

बटण दाबलं. सुरू झाला.

प्रत्येक बस सुटण्याआधी इंजिनचा ऐकावा तसा काकांनी पंख्याचा आवाज ऐकला आणि मान हलवली.

वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरला होता.

“जावयासाठी राहू द्या,” गजूभाऊ म्हणाले.

“जावयाले कायले?” प्रगतीने तो उचलून कंपासपेटीत टाकला. “माहा हाये.”

*

सोमवारी सकाळी मी शेठजींना फोन केला.

“दहा मशीन पाठवा. तयार, सीलबंद.”

“वा, मॅडम! शेवटी पटलं तर! अजून काही?”

“हो. दहा पेचकस.”

गजूभाऊ लांब टेबल पुसत होते.

“तयार मशीनले,” शेठजी एकदम वऱ्हाडीवर आले, “पेचकस कावून?”