गवतावरचं वर्तमानपत्र

मंगळवारी दुपारी बायको गेली. सकाळी तिने गॅलरीत कपडे वाळत घातले होते. संध्याकाळी ते मी काढले.

त्यानंतरचे दोन महिने मी गुरुग्राममधल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरून शक्यतो खाली उतरलो नाही. भाजी फोनवर मागवता येते, औषधंही येतात. भीती लिफ्टची होती. सोसायटीत सगळ्यांना बातमी कळलेली नव्हती, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी सहज तिची चौकशी करील, मग मला सांगावं लागेल. जन्मभर इतरांची वाक्यं दुरुस्त करून पोट भरलं, पण ते एक वाक्य काही मला जुळवता येत नव्हतं.

बंगळुरूला असलेल्या मुलीने हे ओळखलं. एका रविवारी तिची मैत्रीण दारात टोपली ठेवून गेली. टोपलीत कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू होतं.

"बाबा, याला दिवसातून तीनदा खाली न्यावंच लागतं," मुलगी फोनवर म्हणाली. "म्हणजे तुम्ही पण जाल. बस, बात खतम."

लस द्यायला घरी आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला तारलं. सगळ्या लशी होईपर्यंत पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडू नका, म्हणाल्या. मी इतक्या तत्परतेने मान डोलावली की त्यांना मी फार जबाबदार माणूस वाटलो असेन.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे या विषयावरची दोन पुस्तकं मागवली आणि खुणा करत वाचली. न्हाणीघराच्या दाराशी वर्तमानपत्र पसरायचं. पिल्लू झोपून उठलं की त्यावर ठेवायचं, जेवलं की ठेवायचं. काम झालं की तीन सेकंदांच्या आत बिस्किट. मी तक्ता आखला आणि बिस्किटं स्वेटरच्या खिशात ठेवली. पहिला आठवडा पिल्लाने कागदाच्या काठापासून बरोबर वीतभर अंतर राखलं. मी कागद सरकवला की तेही सरकायचं. दोष थोडा माझाही होता. अग्रलेख वाचून झाल्याशिवाय मला ते पान खाली ठेववत नसे. ते समोर बसून वाट बघायचं आणि शेवटचा परिच्छेद येईपर्यंत त्याचा धीर सुटायचा.

दुसऱ्या आठवड्यात त्याला समजलं. घरात कुठेही असलं तरी ते धावत कागदावर जायचं आणि मग माझ्या खिशाकडे बघायचं. इतका हुशार विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता.

लशी पूर्ण झाल्या. मुलीला मी सांगितलं की एक राहिली आहे. पुढच्या आठवड्यात सांगितलं, अजून एक निघाली. तीन आठवड्यांत माझ्या सांगण्यानुसार त्या पिल्लाला हत्तीपेक्षा जास्त लशी लागत होत्या.

जानेवारीत स्वच्छ ऊन पडलं. दर वर्षी अशा उन्हात बायको तिचे दिवाळी अंक गॅलरीत पसरायची. पुण्याहून तिचा संच यायचा, इथल्या आणि नोएडाच्या पाच मराठी घरांत फिरायचा आणि हळदीचे डाग घेऊन परत यायचा. जुन्या अंकांना कसर लागू नये म्हणून तिचा हा उन्हाचा कार्यक्रम असे. यंदा तो मी केला. बारा अंक, पानं उघडून, ओळीने फरशीवर मांडले. कुठे काही चुकतंय असं मला क्षणभरही वाटलं नाही.

पिल्लू झोपेतून उठून गॅलरीच्या दाराशी आलं आणि थबकलं. एवढी मोठी सोय त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. दोन अंक हुंगून त्याने नापसंत केले, तिसऱ्यावर बसलं. मग आनंदाने चौथ्यावरही. काम उरकून माझ्यासमोर येऊन बसलं आणि त्याने खिशाकडे पाहिलं.

मला ओरडायचं होतं. पण त्याने शिकवलेलंच केलं होतं, आणि तीन सेकंद संपत आले होते. मी बिस्किट दिलं.

मग फडक्याने पानं टिपत बसलो. भिजलेल्या कथेच्या समासात बायकोने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कंटाळा.' निदान या कथेबद्दल तिचं आणि पिल्लाचं एकमत होतं.

मुलीला फोन करून मी सगळं सांगितलं. ती खूप हसली. मग एकदम थांबली.

"बाबा, लशी कधी झाल्या?"

"तीन आठवडे झाले."

"तुम्ही ना, अशक्य आहात. आत्ताच्या आत्ता खाली जा."

गेलो. लिफ्ट सुदैवाने रिकामी होती. पिल्लू गवतावर पाऊण तास फिरलं, पण काही केलं नाही. वर आल्यावर धावत जाऊन त्याने न्हाणीघराचा कागद गाठला. गवत ही त्या कामाची जागा असू शकते, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन खाली गेलो आणि गवतावर नीट पसरला. आठव्या मजल्यावरचे गृहस्थ समोरून आले. पानिपतला त्यांचा चादरींचा कारखाना आहे, ते महिनोन्‌महिने तिकडेच असतात.

"वाह, भाई साहब! इसको कलेक्टर बनाओगे क्या? कौन सा पेपर दे रहा है?"

मी हसलो.

"और, भाभी जी नहीं दिखतीं आजकल. सब ठीक?"

पिल्लू कागदावर गोल गोल फिरत होतं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

"नहीं रहीं," मी म्हणालो. "सितंबर में."

वाऱ्याने पेपरचा एक कोपरा उडायला लागला, तर त्यांनी तो बुटाने दाबून धरला. पिल्लाचं होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग मी बिस्किट दिलं.

"अच्छा बच्चा है," ते म्हणाले, आणि मी कागद गुंडाळेपर्यंत थांबले.

पुढे मी रोज कागद थोडा लहान कापत गेलो. अर्ध्या पानाएवढा झाला, मग पोस्टकार्डाएवढा, मग तोही लागेना. आता घरात मी आणि कुत्रा, असे दोघं आहोत. दिवसातून तीनदा आम्ही खाली जातो.