ताईच्या कानांची परीक्षा

काल दवाखान्यात नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या गार वासासरशी मुलुंडचं आमचं जुनं घर आठवलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवंच निघालं होतं. त्याचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर घरी येत. ताप उतरला, पण ताईच्या कानांत सतत शिट्टी वाजू लागली.

"या औषधानं कान जाऊ शकतात. तसं दिसलं तर बंद करावं लागेल," डॉक्टर आईला म्हणाले. मग ताईच्या मागे उभं राहून त्यांनी आपलं घड्याळ तिच्या कानाशी नेलं. "टिकटिक ऐकू येतेय?"

मी समोरच उभी होते. ताई माझ्याकडे एकटक बघत होती. तिला टिकटिक ऐकू येत नाहीये, हे मला कळलं. मला फक्त ती जगायला हवी होती. मी हळूच होकारार्थी मान हलवली.

"येतेय," ताई म्हणाली.

इंजेक्शनं चालू राहिली. ताई खडखडीत बरी झाली आणि ठार बहिरी.

पुढे तिचं बाळ पाळण्यात रडे, आणि ती पाठमोरी बसून तांदूळ निवडत असे. मी बाळाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं की ती हसून विचारायची, "रडत होता का गं?"