भिंतीवरची गंगी

शुक्रवार पेठेतल्या नबीलाल पेंटरनं काढलेली माणसं बघताक्षणी आपली वाटायची. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेठेत पुष्कळ होते, पण शाळेच्या भिंतीवर हसरं पोर काढायचं म्हटलं की मास्तर लोक त्यालाच शोधत यायचे. "सगळे चेहऱ्याच्या मागं लागतात," तो सांगायचा, "आधी बघा की, माणसाचा भार कुठल्या पायावर हाय. ते जमलं की चेहरा आपोआप बोलतो."

मैंदर्गीच्या शाळेला भिंतीवर हात धुवायला शिकवणारी मुलगी हवी होती. नबीलाल चार दिवस नुसता पोरींचा खेळ बघत बसला, त्यानं वहीभर रेघा ओढल्या, आणि मग भिंतीवर गंगी उतरली. सावळी, गुडघा खरचटलेली, एक वेणी सुटलेली, एका पायावर रेलून उभी. मुली येता-जाता तिच्या गालाला हात लावायच्या. बघता बघता अक्कलकोटच्या बाजूच्या अकरा शाळांवर गंगी गेली. कुठं झाडाला पाणी घालत होती, कुठं पाढे म्हणत होती.

गेल्या उन्हाळ्यात मैंदर्गीच्या शाळेतल्या विजयमाला बाईंचा फोन आला. रंग उडाला असेल, असं समजून तो डबे घेऊन गेला. व्हरांड्यात फ्लेक्सची गुंडाळी पडली होती.

"चाचा, वरून आलंय. सगळ्या शाळांना एकसारखं. भिंत तेवढी पांढरी करून द्या." बाई खाली बघत म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला सांगायला जीव झाला नाही."

त्यानं गुंडाळी उलगडली. सगळी गोरीपान मुलं, सगळ्यांचा चेहरा एकच. एकीच्या हाताला सहा बोटं.

"बाई, ही पोरं उभी न्हाईत. लटकल्यात."

"मला दिसतंय की. पण माझं ऐकतंय कोण?"

नबीलालनं गंगीच्या पायांपासून सुरुवात केली. केसांचा काळा रंग पुन्हा पुन्हा वर येत होता; तिथं तीन हात द्यावे लागले. उरलेल्या दहा शाळांच्या भिंतीही त्यानंच पांढऱ्या केल्या.

मग वही काखेत मारून तो चित्रांचं काम मागायला आदिनाथच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात गेला. आदिनाथनं वही आदबीनं चाळली आणि परत दिली. "चाचा, तुम्हाला एका पोरीला चार दिवस लागतात. हितं कॉम्प्युटरला दोन ओळी टाइप केल्या की तो वीस पोरं काढून देतो. फ्लेक्स ताणून बसवायला मात्र माणूस पायजे."

दुसऱ्या दिवसापासून तो फ्लेक्स घेऊन शिडीवर चढायला लागला.

एका संध्याकाळी बायको अजीजा म्हणाली, "माझं एक चित्र काढा की. एवढ्या वर्षांत कधी काढलं न्हाई."

ती दाराशी उभी राहिली. नबीलालनं पेन्सिल धरली, तिच्याकडं बघत राहिला. एक रेघ ओढली, खोडली. पुन्हा ओढली, पुन्हा खोडली. तिचा भार कुठल्या पायावर आहे, तेच त्याला दिसेना.

"झालं का?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला, "तू बस आता."